विषाणू मारायचा, पण चेहरा राखून

‘मेलेल्या विषाणूची लस’ म्हटले की विषाणू मेला, काम झाले असे वाटते. खरी कसरत वेगळीच असते. विषाणूची वाढण्याची ताकद जायला हवी, पण त्याचा चेहरा शाबूत राहायला हवा. शरीर तो चेहराच ओळखायला शिकते.

पोलिओच्या साल्क लशीसाठी फॉर्मलिन वापरले गेले. १९५५ मध्ये अमेरिकेतील कटर कंपनीच्या काही साठ्यांत जिवंत विषाणू उरला. सुमारे २०० जणांना पक्षाघात झाला, १० दगावले.

याच्या उलट बाजूची चूक अधिक फसवी. १९६०च्या दशकात अमेरिकेत तान्ह्या बाळांना गाठणाऱ्या आरएसव्ही या श्वसनविकाराच्या विषाणूवर फॉर्मलिनचीच लस करून पाहिली. प्रतिपिंडे तयार झाली, पण विषाणूवरील प्रथिनाचा आकार बदलल्याने ती फारशी उपयोगाची नव्हती. पुढे संसर्ग झाला तेव्हा लस घेतलेली बाळेच जास्त आजारी पडली. दोघांचा मृत्यू झाला. प्रथिनाचा योग्य आकार टिकवणाऱ्या लशींना मंजुरी मिळायला २०२३ उजाडले!

पुण्याच्या एनआयव्हीने वेगळा केलेला करोना विषाणू कोव्हॅक्सिनसाठी बीटा-प्रोपिओलॅक्टोनने निष्क्रिय केला गेला. हे रसायन मुख्यतः विषाणूच्या जनुकीय द्रव्यावर घाव घालते. प्रथिनांना धक्का लागतो, पण सहसा कमी. रसायनाचे प्रमाण, तापमान वा वेळ चुकली तर तोही फायदा जातो. म्हणूनच साथीच्या घाईतही लशीच्या चाचण्यांचे दिवस कापणे परवडणारे नाही. जिवंत विषाणू उरला नाही ना, एवढे पाहून भागत नाही. उरलेला सांगाडा शरीराला अजून ओळखता येतो का, हेही तपासावे लागते.