पोतं की खांब?

माझी शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे माझ्या मराठीला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढचा विषय गंभीर आहे.

आमच्या होस्टेलमध्ये एक मांजर आहे. नाव व्हायवा, कारण ती कधी समोर येऊन उभी राहील याचा नेम नाही. गेल्या सेममध्ये तिने तीन गाद्या फाडल्या आणि मीटिंगमध्ये ठरलं, की तिला पोत्यात घालून गावाबाहेर सोडायचं. मी पंधरा दिवसांची मुदत मागितली. रेक्टर मॅडम म्हणाल्या, "बघू." आमच्याकडे "बघू" म्हणजे निम्मं पास!

मांजर गादी ओरबाडते ती माज म्हणून नाही. नखांवरचं जुनं कवच काढायला, अंग ताणायला आणि पंजातल्या ग्रंथींचा वास ठेवून "ही जागा माझी" सांगायला तिला काहीतरी ओरबाडावंच लागतं. सवय मोडता येत नाही, जागा मात्र बदलता येते.

म्हणून रूममेटने आणि मी खांब बनवला. भंगारातला 1.2 मीटरचा वासा, वर बसायला प्लायची फळी, आणि वाशाला फेविकॉल लावून घट्ट गुंडाळलेला घायपाताचा दोर. नायलॉन गुळगुळीत, त्यात नख रुतत नाही. व्हायवाने पहिली उडी मारली आणि खांब आडवा!

गणित मांडलं. एकूण वजन 6 किलो, पाया 40 सेंटीमीटर. कडेपासून वजनाची रेषा 20 सेंटीमीटरवर. म्हणजे 120 सेंटीमीटर उंचीवर 1 किलोचा आडवा रेटा बसला की संपलं. बाईसाहेब स्वतःच 4 किलोच्या! मोमेंटच्या गणितांना मला फर्स्ट इयरला पैकीच्या पैकी मार्क होते. वर्कशॉपचे काका एवढंच म्हणाले, "पोरी, उंची बघितलीस, पाया कोण बघणार?" मग 60 सेंटीमीटरचा पाया, त्यावर लोखंडी प्लेट, एकूण 18 किलो. आता साडेचार किलोचा रेटा लागतो. शिवाय खांब खिडकीच्या गजाला बांधला.

तरी तीन दिवस ती फिरकली नाही. आम्ही तो कुणाच्या पायात नको म्हणून जिन्याखाली ठेवला होता. मांजर झोपून उठल्यावर, झोपायच्या जागेजवळच ओरबाडते. खांब व्हरांड्यात तिच्या कोपऱ्यात हलवला, आणि त्याच संध्याकाळी दोराचे धागे निघाले. तेव्हापासून एकही गादी फाटलेली नाही.

आता माझं मत. मेसमध्ये मांजर नको, हे मला मान्य. कुणाला ॲलर्जी असेल तर तिने खोलीत येऊ नये, हेही मान्य. पण पोतं हा उपाय नाही. उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि एक मांजर हाकलली, की मेसच्या खरकट्यावर दुसरी येणारच. त्यापेक्षा व्हायवाचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेऊ, खाणं एकाच ठिकाणी ठेवू, खांब राहू देऊ. ऑपरेशनसाठी आमच्या मजल्यावर वर्गणी सुरू आहे.

चार सेमिस्टर आपण एकमेकांच्या जर्नल्स उतरवून सबमिशन केली. माझं हे पहिलं डिझाइन, जे वापरणारीने दोनदा नापास केलं आणि मग पास केलं. मुदत शुक्रवारी संपते. मॅडम, एकदा व्हरांड्यात येऊन बघा ना!