घरातला एअर मॉनिटर खरं बोलतोय का?

थंडी आली की शहरातल्या हवेची चर्चा सुरू होते आणि फोनवर स्वस्त एअर मॉनिटरच्या जाहिराती दिसायला लागतात. मीही एक घेतला. एकदा त्याच्या शेजारीच हाताला सॅनिटायझर लावलं, तर कार्बन डायऑक्साइडचा आकडा झटक्यात दुप्पट! सॅनिटायझरमध्ये असतं अल्कोहोल. मग हा आकडा आला कुठून?

बॉक्सवर बारीक अक्षरात 'ई-सीओटू' लिहिलं होतं. म्हणजे मोजलेला नाही, इतर वायूंवरून काढलेला अंदाज.

आत काय चालतं?

अशा सेन्सरमध्ये टिन ऑक्साइडसारख्या धातूच्या ऑक्साइडचा थर असतो. तो साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअसला तापवतात. हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटतो आणि इलेक्ट्रॉन अडवून धरतो. अल्कोहोलची वाफ, एलपीजी किंवा कार्बन मोनॉक्साइड आला की त्या ऑक्सिजनशी प्रक्रिया होते, इलेक्ट्रॉन सुटतात, रोध घटतो. जपानच्या नाओयोशी तागुची यांनी १९६२ साली याच तत्त्वावर गॅस गळती ओळखणारा सेन्सर बनवला. अडचण एकच: त्याला 'काहीतरी आलं' हे कळतं, 'कोण आलं' हे नाही.

नॅनोवायरने काय बदलतं?

थराऐवजी केसापेक्षा हजारपट बारीक तारा वापरल्या तर जवळजवळ सगळी तार म्हणजे पृष्ठभागच. थोडासा वायूही जाणवतो. झिंक ऑक्साइडच्या तारा तर झिंक नायट्रेट आणि हेक्सामिनच्या द्रावणात, ९० अंशांच्या आसपास, काही तासांत उगवतात.

पण ओळख पटवायला पृष्ठभागावर रसायन लावावं लागतं. पॅलेडियमचे कण बसवले की हायड्रोजन चांगला पकडला जातो. अमाइन गटाचे सेंद्रिय रेणू लावले की नायट्रोजन डायऑक्साइड. मात्र सेंद्रिय रेणू ३०० अंशांना टिकत नाहीत. म्हणून हीटरऐवजी अतिनील प्रकाशावर सेन्सर चालवायचे प्रयोग चालू आहेत. शिवाय दमट हवेने आकडा हलतो, तो त्रास उरतोच.

मग घ्यायचा की नाही?

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून सांगतो: ॲप कितीही भारी असो, सेन्सरने जो फरक टिपलाच नाही तो कोड शोधू शकत नाही. कार्बन डायऑक्साइड हवा असेल तर 'एनडीआयआर' लिहिलंय का बघा. तो वायू इन्फ्रारेड प्रकाशाने थेट मोजतो. पीएम २.५ साठी लेझर सेन्सर लागतो. दोन्ही नसतील तर तो आकडा मोजमाप समजू नका. फार तर 'खिडकी उघडा' एवढाच इशारा समजा.