दोर वळणाराही इंजिनिअरच!

'रोप' हा इंग्रजी शब्द किती गरीब आहे, ते हॉस्टेलात आल्यावर कळलं. कॉन्व्हेंटमध्ये तेवढ्या एका शब्दावर भागत होतं. इथे यवतमाळचा माझा रूममेट धडाधड सांगतो: नाकातली ती वेसण, तोंडावरची ती मोरकी, हाकताना धरतात तो कासरा, खुंट्याला बांधतात ते दावं. प्रत्येक कामाला वेगळी दोरी, प्रत्येक दोरीला वेगळं नाव. मित्रहो, यालाच आपण 'स्पेसिफिकेशन' म्हणतो ना?

मग माझा प्रश्न असा, की आपल्या वर्कशॉपमध्ये सुतारकाम आहे, फिटिंग आहे, वेल्डिंग आहे. दोर का नाही?

दोर म्हणजे साधी गोष्ट नव्हे. नारळाच्या काथ्याचा तंतू जेमतेम वीतभर. त्याला पीळ दिला की तंतू एकमेकांना धरतात. मग दोन-तीन पेड उलट्या दिशेने एकत्र वळतात. प्रत्येक पेड उलगडू बघतो आणि त्या नादात शेजाऱ्याला आणखी आवळतो. ना गोंद, ना खिळा, फक्त घर्षण! मेकॅनिक्समधलं बेल्ट फ्रिक्शनचं सूत्र आठवा. घर्षणांक ०.३ धरला तर खांबाभोवतीच्या एका वेढ्यात साडेसहा पट ओढ पेलते, तीन वेढ्यांत जवळपास २८५ पट! धक्क्यावरचा खलाशी अख्खं जहाज थोपवतो ते याच जोरावर. जहाजाचा वेग 'नॉट'मध्ये मोजतात तोही दोरीमुळेच. पूर्वी गाठी मारलेली दोरी समुद्रात सोडून ठरावीक वेळात किती गाठी हातातून गेल्या ते मोजत.

दोरीने जहाज बांधता येतं का? येतं! अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून 'कौंडिण्य' हे जहाज गोव्यात बांधलं. फळ्या खिळ्यांनी ठोकल्या नाहीत, काथ्याच्या दोरीने शिवल्या. शिवणारे केरळचे कारागीर, त्यांचे प्रमुख बाबू शंकरन. चाचण्यांना आयआयटी मद्रास. मे २०२५ मध्ये ते कारवारला नौदलात दाखल झालं. डिसेंबरात पोरबंदरहून शिडांवर निघालं आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचलं.

बाबू शंकरन यांचं कौतुक झालं, चांगलंच झालं. पण आपल्या गावागावांत शतकानुशतकं दोर वळले ते मुख्यतः मातंग समाजाने. मोटेचा दोर त्यांनी वळायचा, त्या दोराने विहिरीचं पाणी वर यायचं, आणि त्याच विहिरीवर पाणी भरायला त्यांना मनाई! कौशल्याला जात चिकटवली की त्याचं विज्ञान कुणी बघत नाही, ते 'हलकं काम' ठरतं. पुढे नायलॉन आला आणि हातचा धंदाही गेला. त्यांच्या मुलांनी परत दोर वळत बसावं असं मी अजिबात म्हणत नाही. त्यांनी आपल्या शेजारी लेक्चरला बसावं. दोर वळायला आपण शिकावं.

म्हणून स्टाफला एक सुचवतो. फर्स्ट इयरला दोनच प्रॅक्टिकल द्या, एक दोर वळण्याचं, एक गाठींचं. शिकवायला दोर वळणाऱ्या एखाद्या जाणत्या काकांना बोलवा, पाहुण्या प्राध्यापकाइतकंच मानधन आणि मान देऊन. गरज नाही असं वाटत असेल, तर एकदा हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन आपण बांधलेल्या कपड्यांच्या दोऱ्या बघाव्यात. इंजिनिअर घडवणाऱ्या कॉलेजात अर्धे कपडे जमिनीवर सापडतील!