चाचणीसाठी चार मीटर द्या

पिंपरी-चिंचवडमधल्या ताथवड्याहून काही किलोमीटरवर रावेतचा बंधारा आहे. तिथून उचललेलं पवना नदीचं पाणी निगडीच्या सेक्टर 23 मध्ये शुद्ध होऊन शहरभर जातं. नोव्हेंबर 2019 पासून पिंपरी-चिंचवडला पाणी दिवसाआड मिळतं. एवढ्या ओढाताणीत टाकीची पातळी किंवा क्लोरिन मोजणाऱ्या एखाद्या बिनतारी सेन्सरच्या नावाने कुणी खोटा आकडा पाठवला, तर हाल नळाखाली हंडा लावून बसलेल्यांचे होतात.

ही भीती हवेतली नाही. 2000 साली ऑस्ट्रेलियातल्या मरूची इथे नोकरी नाकारल्याच्या रागातून एका माजी कंत्राटी तंत्रज्ञाने लॅपटॉप आणि रेडिओ संच वापरून मलनिस्सारणाच्या पंपांना बनावट आदेश दिले. सुमारे 8 लाख लिटर मैलापाणी बागांत आणि ओढ्यांत गेलं. आपल्याकडे 2021 मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीचे 27 सर्व्हर खंडणीखोर सॉफ्टवेअरने कुलूपबंद केले आणि बिटकॉइनची मागणी झाली. ते सर्व्हर तरी बंद खोलीत होते. सेन्सर उघड्यावर, खांबावर आणि चेंबरमध्ये असतात.

असा एखादा सेन्सर, म्हणजे जाळ्यातला एक नोड, उघडून पाहा. आत बॅटरी, नखाएवढी चिप, तारेचा अँटेना आणि सर्किटच्या पट्टीच्या कडेला चार-पाच उघड्या पिना. कारखान्यात प्रोग्रॅम भरायला ठेवलेल्या या पिना नंतर बंद केल्या नसतील, तर त्यांना केबल लावून चिपमधली गुप्त किल्ली वाचता येते. एन्क्रिप्शन कितीही भक्कम असो, सगळ्या नोडना एकच किल्ली दिली असेल तर एक नोड फुटला की अख्खं जाळं फुटलं. यावर एशेनॉर आणि ग्लिगोर या संशोधकांनी 2002 मध्येच वाट दाखवली होती. किल्ल्यांच्या मोठ्या साठ्यातून प्रत्येक नोडला यादृच्छिक मूठभर किल्ल्या द्यायच्या. दोन शेजाऱ्यांकडे एखादी समान निघाली की ते बोलू लागतात, आणि एक नोड चोरीला गेला तर त्याच्याजवळच्या तेवढ्याच किल्ल्या जातात. मला ही कल्पना आजही विलक्षण सुंदर वाटते.

ताथवड्यातल्या अभियांत्रिकीच्या मुलांना हे सगळं शिकता येतं. मात्र यावरचे त्यांचे बहुतेक प्रकल्प सिम्युलेशनच्या पडद्यावरच संपतात. तिथले नोड पावसात भिजत नाहीत, त्यांची बॅटरी उतरत नाही, त्यांचं झाकण कुणी उचकटत नाही. शहराच्या पाण्याच्या जाळ्यातल्या खऱ्या सेन्सर-मीटरला हात लावावा, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43 आडवं येतं. मालकाच्या परवानगीशिवाय यंत्रणेत शिरलात तर भरपाई देणं लागता, हेतू कितीही चांगला असला तरी. मग ज्याला दोष सापडतो, तो गप्प बसणंच पसंत करतो. हे नुकसान शहराचं आहे.

महापालिकेने एवढं करावं. नादुरुस्त म्हणून काढलेले चार मीटर आणि एक गेटवे (नोडचे आकडे गोळा करून पुढे पाठवणारं यंत्र) ताथवड्यातल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला लेखी परवानगीसह द्यावा. सापडलेला दोष कळवायला एक अधिकारी नेमावा आणि दोष दुरुस्त होईपर्यंत तो जाहीर न करण्याची मुदत आधीच ठरवावी. पुढच्या खरेदीच्या निविदेत तीन अटी हव्यात: प्रत्येक नोडला वेगळी किल्ली, पिना कायमच्या बंद, आणि दुरून फर्मवेअर बदलण्याची सोय. यातली तिसरी अट ठेकेदार खर्चाचं कारण सांगून टाळायला बघतील. तिथे मात्र मुळीच मागे हटू नये, कारण मीटर वर्षानुवर्षं जमिनीत राहणार आहे आणि त्यातला दोष कदाचित पुढच्या पावसाळ्यातच सापडेल.