गर्भपिशवी काढण्याआधी चार प्रश्न

आमच्या केळशीत ‘पिशवी काढली’ हे बायका दाढ काढल्याइतक्या सहज सांगतात. बहुतेकींना कर्करोग नव्हता. अंगावरून जास्त जायचं, पोट दुखायचं किंवा साधी गाठ होती. घरातले पुरुष मुंबईत नाहीतर आखातात. फोनवरून ते एवढंच विचारतात : खर्च किती?

बीडच्या ऊसतोड महिलांची गोष्ट आपण ऐकली आहे. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. तिथे खाडा झाला की दंड बसतो, वर ‘पुढे कॅन्सर होईल’ ही भीती. कोकणात मुकादम नाही, पण ती भीती आहे आणि पाळीबद्दलचं मौनही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) देशातल्या अशा शस्त्रक्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश खासगी दवाखान्यांत झाल्या होत्या.

ही शस्त्रक्रिया कधीकधी खरोखरच गरजेची असते. पण मी इंजिनिअर आहे; बिघाडाचं कारण कळण्याआधी भाग काढून टाकायचा नाही, हे आम्ही पहिल्या वर्षी शिकतो. म्हणून आई, खाला, आपा यांच्यासोबत जाताना डॉक्टरांना विचारा : नेमका आजार कोणता? गोळ्या, हार्मोनची तांबी किंवा फक्त गाठ काढणं, यातलं काही चालेल का? बीजकोश ठेवणार की काढणार? ते काढले तर पाळी एकाएकी कायमची जाते; तरुण वयात हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. चौथा प्रश्न : दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेईपर्यंत थांबलं तर चालेल का?

आणि सही तिचीच. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका स्त्रीची गर्भपिशवी तिच्या आईच्या संमतीवर काढली गेली होती. तातडीचा धोका नसताना सज्ञान स्त्रीऐवजी दुसऱ्या कुणाची संमती चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्या खटल्यात सांगितलं. नवरा, मुलगा, सासू यांनी सोबत राहावं, निर्णय तिचा.

मित्रांनो, लाजेपायी आपण घरात पाळी हा शब्द उच्चारत नाही. त्यामुळे बाई वर्षानुवर्षं सोसते आणि थकली की थेट ऑपरेशनच्या टेबलावर पोचते. पुढच्या फोनला खर्चाआधी तिची तब्येत विचारा.