दोन डोस की सहा आठवडे?

हृदयाच्या झडपांना जिवाणूंचा संसर्ग झाला की उपचार लांबतात. झडपेवर जमलेल्या गाठीत जिवाणू दडून बसतात. तिथे पांढऱ्या पेशी फारशा पोहोचत नाहीत, त्यामुळे सहसा चार ते सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात. पण इतके दिवस शिरेत नळी ठेवली, तर त्याच वाटेने नवा संसर्ग होण्याचा किंवा रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. शिवाय रुग्णालयाचा खर्च आणि बुडालेला रोजगार वेगळाच.

यावर तोडगा म्हणून डाल्बाव्हॅन्सिन या औषधाकडे पाहिले जाते. रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. २०१४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, ती मात्र त्वचेच्या संसर्गासाठी.

‘डॉट्स’ या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘जामा’ नियतकालिकात आले. स्टॅफिलोकॉकस ऑरियस जिवाणूमुळे रक्तात संसर्ग झालेले २०० रुग्ण तीत होते. सुरुवातीच्या उपचारांनी रक्त जिवाणूमुक्त झाल्यावर निम्म्या रुग्णांना आठवड्याच्या अंतराने डाल्बाव्हॅन्सिनचे दोन डोस दिले गेले, उरलेल्यांना चार ते आठ आठवडे नेहमीची औषधे. ७० दिवसांनी उपचार यशस्वी ठरल्याचे प्रमाण अनुक्रमे ७३ आणि ७२ टक्के होते. नवे औषध सरस ठरले नाही, पण कमीही पडले नाही.

मात्र या चाचणीत हृदयाच्या डाव्या बाजूच्या झडपांचा संसर्ग झालेले रुग्ण घेतलेच नव्हते. शरीरभर रक्त पाठवणारी ही बाजू. तिथली गाठ तुटली तर मेंदूपर्यंत पोहोचून पक्षाघात होऊ शकतो. म्हणजे जिथे धोका सर्वाधिक, तिथेच ‘डॉट्स’चे उत्तर लागू होत नाही. आणखी एक अडचण अशी, की गंभीर दुष्परिणाम दिसला तरी दिलेला डोस लगेच शरीराबाहेर काढता येत नाही.

दुसरा पर्यायही आहे. डेन्मार्कमधील ‘पोएट’ चाचणीत डाव्या झडपांच्या संसर्गाच्या ४०० रुग्णांपैकी प्रकृती स्थिरावल्यावर निम्म्यांना तोंडावाटे औषधे दिली गेली आणि ती शिरेवाटे उपचारांच्या तोडीची ठरली.

भारतात ऱ्हुमॅटिक हृदयविकाराने झडपा खराब झालेले रुग्ण बरेच आहेत आणि अशा झडपांना संसर्गाची भीती अधिक. दर तीन-चार आठवड्यांनी घ्यायचे पेनिसिलिनचे इंजेक्शन त्यांच्या परिचयाचे आहे, पण ते ऱ्हुमॅटिक ताप उलटू नये म्हणून. झडपेला झालेला संसर्ग त्याने बरा होत नाही. दोन डोसांची सोय त्यांच्यापर्यंत यायची, तर डाव्या झडपांवरच्या चाचण्या आणि परवडणारी किंमत या दोन्ही गोष्टी आधी हव्यात. तोवर शिरेवाटेचे उपचार कंटाळून मध्येच सोडणे जिवावर बेतू शकते.