आरशापुढचा विरोचन



मागे या सदरात समुद्रमंथनाच्या कथेविषयी लिहिले, तेव्हा एका भगिनींनी पत्राने विचारले होते, की आपल्या घरात आगमांचा एवढा अमोल ठेवा असता वैदिकांच्या कथांत शिरण्याचे प्रयोजन काय? प्रश्न रास्त आहे. आचार्य हरिभद्रसूरींनी महावीरांविषयी पक्षपात नाही आणि कपिलमुनींविषयी द्वेष नाही असे सांगून युक्तीच्या कसोटीला उतरेल ते स्वीकारावे, अशी भूमिका घेतली. तिचा आधार आहेच. पण त्याहून साधे कारणही आहे. आपली मुले ज्या पेठेत, ज्या शेजारात वाढतात तेथे या कथा त्यांच्या कानांवर पडणारच. हल्ली त्या दूरचित्रवाणीच्या मालिकांतून पडतात आणि तेथे देव म्हणजे झगमगीत मुकुट व असुर म्हणजे जाड मिशा, एवढाच अर्थ शिल्लक राहतो. कथेचे टरफल हाती येते, गर निसटतो.

आज जी कथा घेतली आहे ती पुराणातील नाही, त्याहून प्राचीन आहे. सामवेदाच्या छांदोग्य उपनिषदात आठ अध्याय आहेत आणि ही कथा आठव्या, म्हणजे शेवटच्या अध्यायात येते. प्रजापतीने एकदा घोषणा केली, की जो आत्मा पापरहित आहे, ज्याला जरा नाही, मृत्यू नाही, शोक नाही, भूक-तहान नाही, ज्याची इच्छा आणि संकल्प सत्य आहेत, त्याचा शोध घ्यावा. तो ज्याला गवसला त्याला सर्व लोक आणि सर्व कामना प्राप्त होतात. ही वार्ता देवांच्याही कानी गेली, असुरांच्याही. लाभाची बातमी दोन्ही पेढ्यांवर एकाच वेळी पोहोचावी तसे झाले. देवांकडून इंद्र निघाला, असुरांकडून विरोचन. एकमेकांशी विचारविनिमय न करता, हातात समिधा घेऊन दोघे प्रजापतीच्या दारी आले आणि ३२ वर्षे ब्रह्मचर्याने राहिले.

३२ वर्षांनंतर प्रजापतीने विचारले, "कशासाठी राहिलात?" त्यांनी हेतू सांगितला. प्रजापती म्हणाला, डोळ्यात जो पुरुष दिसतो तोच आत्मा. शिष्यांनी लगेच विचारले, मग पाण्यात दिसतो तो कोण, आरशात दिसतो तो कोण? या प्रश्नातच ते कोठे अडकले आहेत हे गुरूला कळले असावे. त्याने पाण्याने भरलेल्या परळात पाहावयास सांगितले. दोघांनी पाहिले, केसांपासून नखांपर्यंत स्वतःचे हुबेहूब रूप दिसले. मग प्रजापती म्हणाला, आता केस-नखे नीट करा, उत्तम वस्त्रे ल्या, अलंकार घाला आणि पुन्हा पाहा. त्यांनी पाहिले. जसे ते नटले होते तसेच प्रतिबिंबही नटलेले होते. दोघांचे समाधान झाले. शांत चित्ताने ते माघारी निघाले.

त्यांच्या पाठमोऱ्या आकृतींकडे पाहून प्रजापती मनाशी म्हणाला, आत्मा न सापडताच हे चालले. देव असोत वा असुर, जे यालाच तत्त्व मानतील त्यांचा पराभव होईल.

विरोचन थेट असुरांकडे गेला आणि त्याने उपदेशास प्रारंभ केला: हा देहच पूज्य, याचीच सेवा करा, यातच इहलोक आणि परलोक साधतो. उपनिषद पुढे नोंदवते, की जो दान देत नाही, ज्याच्या ठायी श्रद्धा नाही, त्याला लोक अजूनही असुर म्हणतात. आणि हे लोक मृताच्या शरीराला वस्त्रालंकारांनी सजवतात, जणू त्या सजावटीने परलोक जिंकता येईल. या विरोचनाचा पुत्र म्हणजे बळी, ज्याचे राज्य यावे असे आपल्याकडे दिवाळीत आजही माता-भगिनी ओवाळताना म्हणतात. देहालाच सर्वस्व मानणाऱ्या पित्याच्या पोटी सर्वस्व देऊन टाकणारा पुत्र निपजावा, ही पुराणकारांची योजना मला फार अर्थपूर्ण वाटते. आणखी एक गोष्ट वाचकांना आठवत असेल. आपल्या करणानुयोगात असुरकुमारांचे जे दोन इंद्र सांगितले आहेत, त्यांपैकी एकाचे नाव वैरोचन आहे. नावे दोन्ही परंपरांत फिरत राहिली. अर्थ मात्र प्रत्येकाने आपापला घातला.

इंद्र देवांपर्यंत पोहोचला नाही. घेतलेल्या मालाचे गाठोडे जागरूक व्यापारी वाटेतच एकदा सोडून पाहतो, तसे त्याने केले आणि खोट दिसली. देह नटला म्हणजे हा आत्मा नटतो; मग देह आंधळा झाला तर हाही आंधळा, लंगडा झाला तर हाही लंगडा, आणि देह नष्ट झाला की हाही नष्ट. यात मला काही उपयोग दिसत नाही, असे म्हणून तो परत फिरला. हातात पुन्हा समिधा. देवांचा राजा, सर्वांच्या देखत समाधानाने निघून गेलेला, पुन्हा शिष्य म्हणून उंबऱ्यावर उभा. प्रजापतीने विचारलेही, विरोचनाबरोबर शांत मनाने गेला होतास ना, मग परत का आलास? आपण ज्या समाजात वाढलो तेथे 'आमचे चुकले' म्हणत परत येणे किती जड जाते, हे मी वेगळे सांगावयास नको. माझ्या मते संपूर्ण कथेचे मर्म या परतण्यात आहे. विरोचन मूर्ख नव्हता, आळशीही नव्हता. ३२ वर्षे त्यानेही तप केले होते. त्याने फक्त गाठोडे सोडून पाहिले नाही.

येथे मला भरत चक्रवर्तींची आठवण होते. श्वेतांबर परंपरेत, हेमचंद्राचार्यांच्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रातही, कथा अशी, की सर्वांगी अलंकार लेवून भरत आरसेमहालात उभे असता बोटातील अंगठी गळून पडली. ते एक बोट निस्तेज दिसले. मग त्यांनी एकेक अलंकार उतरवून पाहिला; जी शोभा आपली वाटत होती ती उसनी निघाली, आणि त्या चिंतनाच्या धारेत त्यांना केवलज्ञान झाले. दिगंबर परंपरेत आदिपुराणातील भरतांना आरशात पिकलेला केस दिसतो आणि ते दीक्षेकडे वळतात. अंगठी की केस, हा वाद येथे नको. प्रजापतीने दोघा शिष्यांना 'अलंकार घाला आणि पाहा' म्हटले. भरतांनी अलंकार काढून पाहिले. आरसा तोच, क्रिया उलटी. आपल्या अष्टमंगलांत दर्पणाला स्थान आहे, ते नटण्यासाठी खासच नव्हे.

आचार्य कुंदकुंदांनी मोक्षपाहुडात आणि त्यांच्यानंतर आचार्य पूज्यपादांनी समाधितंत्रात आत्म्याच्या तीन अवस्था सांगितल्या: बहिरात्मा, अंतरात्मा, परमात्मा. देहालाच 'मी' समजतो तो बहिरात्मा. विरोचन हे त्याचे नेमके चित्र आहे. पूज्यपादांनी तर येथे आपल्या कापड-व्यवसायातील बंधूंना घरचा वाटावा असा दृष्टांत दिला आहे. जाड वस्त्र नेसल्याने कोणी स्वतःला जाड मानीत नाही. वस्त्र जीर्ण झाले म्हणून मी जीर्ण झालो, फाटून गेले म्हणून मी संपलो, तांबडे आहे म्हणून मी तांबडा, असेही कोणी म्हणत नाही. ज्ञानी पुरुष देहाकडे त्याच दृष्टीने पाहतो. इंद्राने वाटेत काढलेली शंका आणि हा दृष्टांत शेजारी ठेवून पाहावेत. दोन परंपरा, परंतु बोट एकाच जागी ठेवलेले आहे.

आणखी ३२ वर्षांनंतर प्रजापतीने सांगितले, स्वप्नात जो महिमा भोगीत फिरतो तो आत्मा. इंद्र निघाला आणि पुन्हा वाटेतून परतला. देह आंधळा असला तरी स्वप्नातला आंधळा नसतो हे खरे. पण स्वप्नातही कोणी मारतो आहे, पाठलाग करतो आहे असे भासतेच, माणूस रडतोही. दुकानाला टाळे लागल्याचे स्वप्न पाहून घामाघूम जागे झालेले आपल्यात थोडे नसतील. पुन्हा ३२ वर्षे. तिसरे उत्तर: गाढ निद्रेत, जेथे स्वप्नही नाही, तो आत्मा. इंद्र तिसऱ्यांदा परतला. ही शंका सर्वांत खोल आहे. त्या अवस्थेत 'हा मी' एवढेही भान नसते. हे तर विनाशासारखेच झाले.

या ठिकाणी जैन दर्शनाचे उत्तर वेगळ्या वाटेने जाते. तत्त्वार्थसूत्राने उपयोग हेच जीवाचे लक्षण सांगितले, आणि निद्रा हा दर्शनावरणीय कर्माच्या उदयाचा परिणाम आहे. म्हणजे झोपेत जाणणारा नाहीसा होत नाही, झाकला जातो. निगोदातील जीवाचेही ज्ञान पूर्णतः कधी झाकले जात नाही, काही अंश उघडा राहतोच. इंद्राला जे शून्य वाटले, ते आपल्या आचार्यांच्या दृष्टीने ढगांआडचे ऊन आहे.

शेवटी प्रजापतीने केवळ पाच वर्षे राहावयास सांगितले. एकूण १०१ वर्षे भरली. तेव्हा उत्तर मिळाले ते असे: हे शरीर मर्त्य आहे, मृत्यूने ग्रासलेले आहे, परंतु ते त्या अमर, अशरीर आत्म्याचे अधिष्ठान आहे. शरीराशी बांधलेल्याला सुख-दुःखे सुटत नाहीत. अशरीराला ती शिवत नाहीत. वारा, मेघ, वीज यांना जसे शरीर नाही, तसा हा आत्मा देहातून वर उठून परम ज्योतीला पोहोचतो आणि स्वतःच्या रूपाने प्रकट होतो. 'स्वतःच्या रूपाने' हे शब्द वाचताना आपल्याला 'स्वभाव' हा शब्द आठवल्यावाचून राहत नाही. तरीही सर्व एकच आहे असे म्हणून मी मोकळा होणार नाही. वेदांती या आत्म्याला एकच मानतो; आपल्याकडे जीव अनंत, आणि सिद्धपदीही प्रत्येकाचे अस्तित्व स्वतंत्र. प्रजापतीच्या घोषणेतील जरा-मरणरहित हे वर्णन सिद्धांना शोभते, पण सत्यकाम, सत्यसंकल्प ही विशेषणे शोभत नाहीत, कारण तेथे काम आणि संकल्प उरतच नाहीत. फरक फरकाच्या जागी ठेवूनच शेजाऱ्याच्या घरी जावे.

आता थोडे घरचे. आमचे कापडाचे दुकान. त्यात शिसवी चौकटीचा पुरुषभर उंचीचा आरसा आजोबांच्या वेळेपासून आहे. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. रोज सकाळी गादीवर बसण्यापूर्वी ते त्या आरशापुढे टोपी नीट करीत. ७१व्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. चेहरा डावीकडे ओढला गेला, वाचा अडखळली. तीन महिन्यांनी त्यांच्या आग्रहावरून आम्ही त्यांना दुकानात आणून गादीवर टेकून बसवले. समोरच आरसा. थोड्या वेळाने त्यांनी उजवा हात उचलून आरशाकडे बोट केले आणि काही बोलले, शब्द लागेनात. त्यांनी पुन्हा हात हलवला. मला वाटले, स्वतःचे रूप पाहवत नाही त्यांना. डोळ्यांत पाणी आले. मी गड्याला खूण केली आणि आरशावर पांढऱ्या लांबरुंद चादरीचा पडदा टाकवला. अण्णा काही बोलले नाहीत.

पडदा दोन दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक बाई खांद्यावर लुगड्याचा पदर टाकून आरसा शोधू लागल्या. तेव्हा अण्णा मोठ्या कष्टाने, एकेक शब्द जोडीत म्हणाले, "झाकलात कशाला? पुसा म्हणत होतो. धूळ बसलीय."

त्यानंतर ते चार वर्षे होते. सामायिक सोडले नाही; बसता येईना तेव्हा पडून करीत, आणि ४८ मिनिटे झाली का ते घड्याळाकडे बोट करून विचारीत. वाकड्या चेहऱ्याने ते रोज त्या आरशासमोर बसत आणि समोरच्या गिऱ्हाइकाला कोणता रंग खुलेल ते अचूक सांगत. त्यांना आरशात काय दिसत होते ते मी कधी विचारले नाही. चादर टाकताना त्या आरशात मी मात्र अण्णांऐवजी त्यांचा ओढलेला चेहरा पाहिला होता, आणि तेव्हा माझे वय ४४ होते, पर्युषणात समाधितंत्रावरील प्रवचने मी दोनदा पूर्ण ऐकलेली होती.

आरसा अजून दुकानात आहे. तो पुसण्याचे काम मी गड्यावर सोपवलेले नाही.